प्लॅन चुकला नव्हता गं, तू किलोज्यूल वाचलेस

या वेळचं पत्र जरा लांब होतं, मी थोडक्यात देते. लिहिणारी मंगळवेढ्याकडची आहे, आता पुण्यात होस्टेलवर राहून बीएस्सीला फूड अँड न्यूट्रिशन घेतलंय, पहिलंच वर्ष. ती लिहिते,

"ताई, बारावीला माझं आर्ट्स होतं त्यामुळे बायोकेमिस्ट्री डोक्यावरून जातं. पण खरा घोळ डाएट प्लॅनिंगच्या प्रॅक्टिकलला झाला. बैठं काम करणाऱ्या पुरुषाचा दिवसाचा आहार लिहायचा होता, २११० कॅलरीचा. माझ्या मैत्रिणींनी ओट्स, किनोआ, ग्रीक योगर्ट असं लिहिलं. मी आपली आमच्या घरची ज्वारीची भाकरी, आमटी, शेंगाचटणी लिहिली. बेरीज आली ८७९०. नुसत्या दोन भाकरींच्याच १९५७ आल्या. सर म्हणाले हा पैलवानाचा आहार आहे का, आणि सगळा वर्ग हसला. मुलीच्या प्लॅनमध्ये तर लोह २९ मिलीग्रॅम भरतच नाही, पालकाचा ढीग टाकला तरी. घरी सुट्टीला गेले की आजी म्हणते खायला काय कॉलेज लागतं का. आणि आत्याला शुगर आहे, ती रोज फोन करून चार्ट मागते. देऊ का? आणि मुळात मी हे चुकीचं फील्ड निवडलंय का?"

सोबत तिने वहीच्या पानाचा फोटो पण पाठवलाय आणि बरं झालं पाठवला, कारण तो बघून मी एकटीच घरात मोठ्याने हसले, तुला नाही गं, त्या आकड्याला.

अगं तू आकडे कुठून घेतलेस? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७च्या तक्त्यांतून, बरोबर ना, ज्यात ५२८ पदार्थ आहेत. त्या तक्त्यांत ऊर्जा कॅलरीत दिलेलीच नाहीये, किलोज्यूलमध्ये दिलीय, ते ऊर्जेचं दुसरं माप. वरती कॉलमच्या डोक्यावर बारीक अक्षरात केजे लिहिलेलं असतं आणि फोनवर फोटो काढून झूम करून वाचणाऱ्या पोरांना ते दिसत नाही, तू काही पहिली नाहीस. ज्वारीपुढे १३९८ लिहिलंय, ते किलोज्यूल. त्याला ४.१८४ ने भाग, ३३४ येतात, त्या खऱ्या किलोकॅलरी, ज्याला आपण सगळे बोलताना नुसतं कॅलरी म्हणतो.

आता तुझी पूर्ण बेरीज घे. ८७९० भागिले ४.१८४. करून बघ. २१०१ येतात. सरांनी मागितलेल्या २११०. फरक ९ कॅलरीचा, म्हणजे एक ग्रॅम तेल, फोडणीतली मोहरी उडाली तर तेवढं गॅसवर सांडतं. वर्गात इतका अचूक प्लॅन दुसऱ्या कुणाचा होता का ते मला माहीत नाही पण मी पंचवीस वर्षं आहारतज्ज्ञ म्हणून काम केलंय आणि माझा पहिला प्लॅन तीनशेने चुकला होता. तेव्हा सोमवारी जाऊन सरांना शांतपणे हा भागाकार दाखव, उद्धटपणा न करता. ते पण हसतील, आणि हसले नाहीत तरी मार्क द्यावे लागतील.

पण एक गोष्ट तुझी चुकलीच, ती सांगते. दोन भाकरींच्या १९५७ आल्या तेव्हा तुला शंका का नाही आली? ही शंका यायची सवय लावून घ्यायची. कार्बोहायड्रेट एका ग्रॅमला ४ कॅलरी, प्रोटीन ४, फॅट ९, हे तर पहिल्याच आठवड्यात शिकवतात. तू दोन भाकरींना १४० ग्रॅम पीठ धरलंस. पिठात फॅट जवळपास नसतंच, मग १४० चोक ५६०, याच्या वर ती भाकरी जाऊच शकत नाही. शंभर ग्रॅम शुद्ध तेल प्यायलं तरी ९०० होतात. मग पिठाच्या दोन भाकऱ्या १९५७ कशा होतील? तोंडी हिशोबाने आधी अंदाज घ्यायचा आणि मग कॅल्क्युलेटर काढायचा. किराणा दुकानातला माणूस बिल बघून लगेच म्हणतो ना, काहीतरी जास्त लागलंय, तसं.

आता ओट्स आणि किनोआ. मला त्यांचा राग नाही, ओट्स मी पण खाते कधीमधी. पण प्रश्न असा की तो बैठं काम करणारा पुरुष कोण आहे? कुठे राहतो, स्वयंपाक कोण करतं, डबा किती वाजता निघतो, महिन्याला किराण्याला किती जातात? हे न विचारता लिहिलेला प्लॅन कागदावर सुंदर दिसतो आणि पेशंट तो फ्रिजला चिकटवतो आणि चौथ्या दिवशी त्यावर दुधाचा हिशोब लिहितो. मी पाहिलंय स्वतःच्या डोळ्यांनी, माझ्याच अक्षरातला कागद होता. तू घरची भाकरी लिहिलीस म्हणजे तुझ्या डोळ्यासमोर एक खरा माणूस होता, ते शिकवून येत नाही लवकर. तुझ्या मैत्रिणींना आता ते शिकावं लागेल आणि तुला फक्त भागाकार शिकायचाय.

तरी भाकरीच्या बाबतीत तुला एक काम देते. ७० ग्रॅम पीठ कुठून आणलंस? अंदाजाने ना? सुट्टीला गेलीस की हे कर. तयार भाकरी वजन करू नको, कारण तिच्यात पाणी असतं आणि किती असतं ते करणाऱ्याच्या हातावर. तुमच्याकडे तर कडक भाकरी पण करतात, ती आणि मऊ भाकरी सारख्याच पिठाची असली तरी वजनाला कितीतरी वेगळी भरणार. म्हणून पिठाचा डबा भाकऱ्या करायच्या आधी काट्यावर ठेव, आकडा लिही, आजीला तिच्या पद्धतीने दहा भाकऱ्या करू दे, मध्ये बोलू नको, आणि मग परत डबा ठेव. जेवढं कमी झालं त्याला दहाने भाग. परातीत उरलेलं पीठ परत डब्यात टाकायला विसरू नको. हा झाला तुमच्या घरच्या भाकरीचा आकडा, हा कुठल्याच पुस्तकात नाही.

आणि वाट्या. पुस्तकात वाटी म्हणजे एक ठरलेलं माप, घरात वाटी म्हणजे आईच्या लग्नातली, पाहुण्यांची, आणि ती एक चेपलेली. मेझरिंग जगने पाणी ओतून प्रत्येकीचं माप घे आणि खाली ऑइल पेंटने किंवा नेलपॉलिशने आकडा लिहून ठेव. माझ्या घरात अजून अशा वाट्या आहेत, नवीन लग्न झालेलं तेव्हा सासूबाईंना वाटलं मी भांड्यांवर नाव घालतेय.

कच्चं आणि शिजवलेलं याचा गोंधळ तर डिग्री झालेली माणसं पण करतात. तक्त्यातले आकडे बहुतेक कच्च्या वस्तूचे असतात, आणि खाण्याजोग्या भागाचे, म्हणजे केळ्याची साल न् शेवग्याचा चोथा वगळून. शंभर ग्रॅम कच्चे तांदूळ साधारण ३५० कॅलरी. आता कुणी ताटातला २०० ग्रॅम शिजलेला भात वजन करून त्याला तांदळाचा आकडा लावला की ७०० होतात, आणि मग तो माणूस आयुष्यभर भाताला घाबरतो. खरं तर त्या २०० ग्रॅम भातात तांदूळ असतो पंचाहत्तर ग्रॅमच्या आतबाहेर, म्हणजे अडीचशेच्या आसपास कॅलरी, बाकी पाणी.

लोहाचं आता. २९ मिलीग्रॅम बघून तुझं डोकं फिरलं, फिरणारच, पुरुषाला १९ आणि बाईला २९, आणि बाई जेवते कमी. हे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, २०२०च्या शिफारशींच्या पुस्तकातले आकडे. हा आकडा एवढा मोठा असण्याचं कारण आपल्या जेवणातच आहे, धान्य-डाळी-भाज्यांतलं लोह शरीर फार थोडं शोषतं, त्यामुळे थोडं मिळायला जास्त खावं लागतं, शिवाय दर महिन्याचा रक्तस्राव आहेच. आणि याच पुस्तकात अजून एक कॉलम आहे बघ, सरासरी गरजेचा, तिथे बाईचं लोह १५ लिहिलंय. मुलं हे दोन कॉलम एकमेकांत मिसळतात. सरासरी गरज म्हणजे निम्म्या लोकांचं भागेल एवढं, आणि शिफारस म्हणजे जवळजवळ सगळ्यांचं, शंभरातल्या सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव जणींचं भागेल एवढं. एका मुलीचा प्लॅन लिहिताना २९ कडे बघायचं. अख्ख्या होस्टेलच्या मेसचं जेवण कमी पडतंय का हे तपासायचं असेल तर १५ कडे. हे एवढं जरी व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, नीट सांगितलंस ना तरी समोरचे खूश.

पालकाचा ढीग काढून टाक. पालकातलं लोह शरीर थोडंच शोषतं, त्यावर सगळी मदार ठेवू नको. बाजरी घे, शंभर ग्रॅमला साधारण साडेसहा मिलीग्रॅम, मटकी-चवळीला मोड आणून घे, वर लिंबू पिळ, मोडाने आणि लिंबाने लोह जास्त शोषलं जातं, आणि जेवणावर लगेच चहा नको. तो चहा प्लॅनमध्ये साडेदहाला लिही, कारण चहा बंद लिहिलास तर प्लॅनच बंद होईल. तरी २९ ला दोन-तीन कमी पडले तर ते खाली प्रामाणिकपणे लिही. जबरदस्तीने आकडा भरायला कुणी मुली एका दिवसात चारशे ग्रॅम पालेभाजी लिहितात, ती खाणार कोण, निवडणार कोण?

एक सावधगिरी मात्र. लायब्ररीत १९७१ पासून चालत आलेलं जुनं पुस्तक पण असतं, गोपालन आणि सहकाऱ्यांचं, आम्ही त्यावरच शिकलो, पानं सुटलेली माझी प्रत अजून आहे. पण जुन्या आणि नव्या तक्त्यांची खिचडी करू नको. पोह्यांचंच बघ, जुन्यात शंभर ग्रॅमला लोह २० मिलीग्रॅम आणि नव्यात साडेचारच्या आसपास! पोहे म्हणजे लोहाची खाण असं अजून व्हॉट्सअॅपवर फिरतं ते त्या जुन्या आकड्यावरच. एक्सचेंज लिस्टचं, म्हणजे एकाऐवजी दुसरा चालेल अशा पदार्थांच्या यादीचं, पण तेच, कुणी धान्याचा एक भाग ३० ग्रॅमचा धरतं, कुणी २० चा. कॉलेज जे वापरतं ते एकच धर आणि वहीच्या पहिल्या पानावर लिही कुठलं ते.

बायोकेमिस्ट्री. आर्ट्सवाली आहेस म्हणून रडू नको. क्रेब्स सायकल, म्हणजे पेशीत अन्नातून ऊर्जा मिळवणारी क्रियांची साखळी, नुसती पाठ करायची म्हणून केलीस तर परीक्षेनंतर दोन दिवसांत जाणार. त्यापेक्षा प्रत्येक धड्याला स्वयंपाकघरातला एक प्रश्न विचार. उदाहरणार्थ, वरण-भात एकत्र का? प्रोटीन बनतं अमिनो आम्लांचं, तांदळाच्या प्रोटीनमध्ये त्यातलं लायसिन कमी, डाळीत ते भरपूर, डाळीत मेथिओनिन हे दुसरं अमिनो आम्ल कमी, ते तांदळात बरं असतं, दोघं एकमेकांचं भागवतात. किंवा हे बघ, प्रोटीन मोजतात कसं? प्रोटीन थेट मोजतच नाहीत सहसा, नायट्रोजन मोजतात आणि ६.२५ ने गुणतात. आता यात चोराला वाट कुठे आहे सांग. २००८ मध्ये चीनमध्ये दुधात मेलामाइन हे प्लास्टिक बनवायला वापरतात ते रसायन मिसळलं होतं ते याचसाठी, त्यात नायट्रोजन खच्चून असतो, पाणी घातलेलं दूध टेस्टला प्रोटीनवालं दिसायचं, आणि लहान बाळांच्या किडन्या गेल्या. हे एकदा कळलं की ६.२५ विसरूच शकत नाहीस.

आणि कमला सोहोनी हे नाव ऐकलंयस का? दुर्गा भागवतांची बहीण. १९३३ ला बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सला अर्ज केला तर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून नाकारला, ही हटली नाही, मग अटी घालून एकदाचा प्रवेश मिळाला. पुढे १९३९ ला केंब्रिजची पीएचडी. परत येऊन कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत काम केलं, आज जी हैदराबादला आहे तीच ती संस्था, १९१८ ला कुन्नूरला एका खोलीत बेरीबेरी या ब१ जीवनसत्त्वाच्या कमतरतेच्या आजारावर काम करायला सुरू झालेली. नंतर मुंबईत त्यांनी डाळी, नीरा, अशा साध्या माणसांच्या खाण्यावरच संशोधन केलं. म्हणजे तुझ्या त्या तक्त्याच्या मागे आपल्याच घरातल्यासारखी एक बाई उभी आहे असं समज, मला तरी हे वाचल्यावर केमिस्ट्रीची भीती जरा कमी झाली होती.

आजीचं. आजीला उलट उत्तर देऊ नको, पण आजीचं सगळंच बरोबर असं पण म्हणू नको, हल्ली ती एक फॅशन झालीय. आमटी-भाकरी ही जोडी बरोबरच, पण आमटीत डाळ किती? पाच माणसांत मूठभर डाळ आणि वर पातेलंभर पाणी, तिखट झणझणीत, भाकरी कुस्करून छान लागते पण माणशी दहा ग्रॅम डाळ, म्हणजे दोन ग्रॅम प्रोटीन. तुझ्यासारख्या मुलीला दिवसाला वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम लागतं, ५५ किलोला ४६ च्या आसपास. बरंचसं भाकरीतून येतं हे खरं, पण डाळ तीस ग्रॅम झाली की साडेसहा येतात आणि चव बिघडत नाही. आणि घरात सगळ्यात शेवटी कोण जेवतं, तिच्या वाटणीला आमटीचं वरचं पाणी येतं का, हे बघ. हे कुठल्या तक्त्यात नाही पण आहारशास्त्रच आहे. उपासाचा साबुदाणा पण बघ जरा, जवळजवळ नुसता स्टार्च, त्या खिचडीची लाज राखतं ते शेंगदाण्याचं कूट.

आता आत्या. इथे मी कडक होणार आहे. चार्ट देऊ नको. अजिबात नाही, प्रेमाने मागितला तरी नाही.

का ते सांगते. मी दुसऱ्या वर्षाला होते, दोन पुस्तकं वाचून मला सगळं येत होतं. काकांना शुगर, ते गोळ्या घेत होते, मी त्यांना मोठ्या ऐटीत १२०० कॅलरीचा चार्ट करून दिला, सकाळची पोळी काढून टाकली आणि नुसतं ताक न् काकडी. गोळ्या कुठल्या चालू आहेत ते विचारलंच नाही, मला कळत पण नव्हतं विचारायचं असतं. तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास काका घामाने ओले, हात थरथरतायत, बोलणं तुटक. काकूने प्रसंगावधान राखून साखरेचं पाणी पाजलं म्हणून वाचलो सगळे, मी पण. गोळी तेवढीच आणि खाणं निम्मं, साखर खाली जाणारच. इन्सुलिनवाल्याचं तर अजूनच. किडनीचा त्रास असेल तर शहाळ्याचं पाणी सुद्धा जड जाऊ शकतं. हे सगळं तू शिकशील, पण एमएस्सी आणि हॉस्पिटलमधली इंटर्नशिप झाल्यावर, पहिल्या सेमिस्टरच्या जोरावर नाही.

पण आत्याला नुसतं नाही म्हणून फोन ठेवू नको, तिला कामाला लाव. तुम्हाला चोवीस तासांचा रिकॉल शिकवतील लवकरच, काल सकाळपासून काय काय खाल्लं ते विचारून लिहायचं. तो तिच्यावर कर. माणसं खोटं बोलत नाहीत, विसरतात. मी विचारते, चहा किती? "दोनच." सकाळचा आणि दुपारचा? "हो." आणि शेजारच्या आल्या होत्या तेव्हा? "अगं तो अर्धाच कप." रात्री? "तो मालिकेच्या वेळचा, तो काय चहा असतो का." झाले चार. प्रत्येकात दोन चमचे साखर, चमचा पाच ग्रॅमचा, चाळीस ग्रॅम झाली, १६० कॅलरी, आणि आत्याबाई शपथेवर सांगतायत की मी गोड बंद केलंय. तेल किती खाता हे तर विचारायचंच नाही, कुणालाच माहीत नसतं. विचारायचं, तेलाचं पाकीट किती दिवस जातं? पाच माणसं, महिन्याला पाच लिटर, म्हणजे माणशी रोज ३३ मिली, तीस ग्रॅम धर, गुणिले नऊ, २७० कॅलरी. कुणालाही न दुखावता उत्तर मिळालं. हे सगळं कागदावर लिहून आत्याला दे आणि म्हण की पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना हा कागद आणि गोळ्यांची नावं दोन्ही घेऊन जा, आणि तिथल्या डाएटिशियनला भेट. अशा कागदासाठी आम्ही ओपीडीत तरसतो गं, खरंच.

चुकीचं फील्ड निवडलंय का, हा तुझा शेवटचा प्रश्न, त्याचं उत्तर मी वर देऊन झालंय, एका ग्रॅम तेलाएवढं चुकलीस. फक्त पुढचं माहीत असू दे, बीएस्सीवर थांबलीस तर जिम, कंपन्या, शाळा, अंगणवाडीशी संबंधित प्रोजेक्ट अशी कामं मिळतात, हॉस्पिटलला पेशंट बघायचे तर पोस्ट ग्रॅज्युएशन, सहा महिन्यांची इंटर्नशिप आणि इंडियन डायटेटिक असोसिएशनची आरडीची, म्हणजे रजिस्टर्ड डाएटिशियनची, परीक्षा, हा रस्ता. २०२१ च्या कायद्याने डाएटिशियन लोकांना पण अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशनल्समध्ये धरलंय, त्यामुळे पुढे नोंदणीचं महत्त्व वाढणार, तेव्हा सहा आठवड्यांच्या ऑनलाइन सर्टिफिकेटवर पैसे घालवू नको, कितीही डिस्काउंट दाखवला तरी. पैसे घालवायचेच असतील तर एक डिजिटल किचन काटा घे, पाचशेच्या आत मिळतो.

आणि तो काटा घेऊन सुट्टीला गेलीस की आजीच्या भाकरीचा आकडा मला कळवायचाच. आमच्याकडे पैज लागलीय, आमचे हे म्हणतात साठ, मी नव्वद म्हटलंय.